आरंभीची मराठी कादंबरी आणि तिचा असमाधानी वाचक

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ १८७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठीत स्वतंत्र म्हणता येतील अशा कादंबऱ्या थोड्याच होत्या आणि ‘कादंबरी’ हा शब्दही पुरता रुळलेला नव्हता. शीर्षकातील ‘नावल’ हे त्याचेच चिन्ह होय. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कृतीचे नाव मराठी आणि कन्नड या भाषांनी पुढे सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. गुजरातीने ‘नवलकथा’ म्हटले, बंगालीने ‘उपन्यास’ पसंत केला, मल्याळमने मूळ इंग्रजी शब्दच आपलासा केला. नावाविषयीचा हा संभ्रम वस्तूविषयीच्या संभ्रमातून आलेला होता. या नव्या प्रकाराकडून नेमके काय मागावे, हे लेखकाला जितके अस्पष्ट होते तितकेच वाचकालाही. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा आरंभ सामान्यतः मराठ्यांच्या या निबंधापासून मानला जातो; परंतु समीक्षकाच्या आधी तो एका वाचकाचा निबंध आहे. नुकत्याच हाती आलेल्या पुस्तकांनी आपले समाधान का होत नाही, याचा शोध त्यात आहे.

ही पुस्तके कोणती होती? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि ‘रत्नप्रभा’ १८६६ मध्ये निघाली होती. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. सद्गुणी नायिका, तिच्यावर कोसळणारी संकटे, दुष्टांची कारस्थाने, लांबलेला वियोग आणि योगायोगाने होणारे पुनर्मीलन, असा हा सारा व्यवहार. सज्जनांचा जय आणि दुर्जनांचा क्षय ठरलेला. संस्कृत कथावाङ्मयावर आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींवर पोसलेल्या वाचकवर्गाला ही पुस्तके प्रिय होती, यात नवल नाही.

तथापि या कादंबऱ्यांच्या लेखकांना आपण काय करीत आहोत याचे भान नव्हते, असे मात्र समजण्याचे कारण नाही. ‘मंजुघोषे’ला रिसबुडांनी जोडलेली प्रस्तावना या दृष्टीने फार मोलाची आहे; किंबहुना मूळ कादंबरीपेक्षा ती अधिक टिकली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती आणि एकंदर जीवनक्रमच असा आहे, की त्यात कादंबरीला रंजक होईल असे काही घडत नाही. नित्य अनुभवाला येणाऱ्या गोष्टीच लिहावयाच्या म्हटल्या, तर त्यांत वाचकाचे मन रमणार नाही. म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय करावा लागतो. हा युक्तिवाद वरवर भाबडा वाटतो, पण तसा तो नाही. बालविवाहाच्या समाजात प्रेमाराधन कोठून दाखवावे? स्वतःच्या आयुष्याविषयी कोणताही निर्णय घेण्याची मुभा जिला नाही, तिला नायिका कसे करावे? इंग्रजी कादंबरीचा साचा घेऊन बसलेल्या लेखकापुढची ही खरीखुरी अडचण होती, आणि रिसबुडांनी ती प्रामाणिकपणे सांगितली. मात्र तिच्या पोटात एक निराशाजनक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे आपले सामान्य आयुष्य लिहिण्याजोगे नाही.

मराठ्यांनी या कादंबऱ्यांना लावलेली कसोटी संभवनीयतेची आहे. माणसे जशी असतात, जशी वागतात, तशी ती ‘नावला’त दिसली पाहिजेत, असा त्यांचा रोख. ही कसोटी त्यांना इंग्रजी वाचनातून मिळाली होती हे उघड आहे. परंतु तिचे मूळ परके म्हणून तिची किंमत कमी होत नाही. लेखकाला जे अशक्य वाटत होते ते वाचक मागू लागला होता, हा यातील महत्त्वाचा भाग. वास्तव घरात घडणारी, विधवांच्या दुःस्थितीची कथा बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त १८५७ सालीच सांगितली होती. पण ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतू तिला इतका चिकटून होता, की मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहाने तिचा धडा त्या वेळी घेतला नाही.

हा वाद मराठीपुरता नव्हता, याची साक्ष मलबारात मिळते. तेथे मुन्सफ असलेल्या ओ. चंदु मेनन यांची ‘इंदुलेखा’ १८८९ मध्ये निघाली. तिच्या प्रस्तावनेत ते सांगतात, की आपण वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या कथा घरी ऐकवीत असू. पत्नीने मल्याळममध्ये तसे काही लिहिण्याचा आग्रह धरला. डिझरायलीच्या एका कादंबरीचे भाषांतर त्यांनी आरंभिले, ते सोडून दिले आणि स्वतंत्र कादंबरी लिहिली. अद्भुत काहीच नसलेल्या गोष्टीत कोणाला गोडी वाटणार, असे काही मित्रांनी विचारले होते. मेननांनी उत्तरादाखल चित्रकलेचा दाखला दिला. देवदेवतांच्या अलौकिक चित्रांवर संतुष्ट असलेले लोक आता निसर्गातील वस्तूंची हुबेहूब तैलचित्रे आवडीने पाहतात. गोष्टींच्या बाबतीतही तसेच होईल. रिसबुडांची शंका आणि मेननांचे उत्तर यांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही एकमेकांची वार्ता असण्याचा संभव फारसा नाही.

मराठीत याचे उत्तर प्रस्तावनेतून नव्हे, कादंबरीतूनच आले. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनल्ड्सच्या आधाराने सुरू झाली होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये मात्र त्यांनी एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलीलाच तिची हकीकत सांगावयास लावली. तिचेही नाव यमुना. बालविवाह, सासुरवास, वैधव्य, केशवपन, म्हणजे ज्या चालीरीतींमुळे लिहिण्यासारखे काही उरत नाही असे रिसबुडांना वाटले होते, त्याच येथे कथावस्तू झाल्या.

ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत गेली. त्यामुळे तिच्यावरचे वाचकांचे मत ती पुरी होण्याआधीच लेखकाच्या कानी पडण्यास वाव होता. लग्नानंतर घरच्यांचा विरोध सोसत वाचावयास शिकलेल्या आणि पुढे स्वतः लेखिका झालेल्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) या हरिभाऊंच्या निकटच्या वाचकांपैकी एक. दोघांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. मराठ्यांच्या निबंधातील वाचक हा इंग्रजी शिकलेला पुरुष होता; काशीबाईंच्या रूपाने वाचणारी व्यक्ती त्याच माजघरातली होती, जेथील हकीकत यमुना सांगत होती.