परसातील कुक्कुटपालन व लघुपशुपालन

घरामागच्या मोकळ्या जागेत, भाजीच्या वाफ्यांच्या जोडीने आणि घरच्याच माणसांच्या कष्टावर केलेले कोंबड्या, शेळ्या, बदके, ससे यांचे पालन. महाराष्ट्रात त्याचा आवाका बहुधा पाच-दहा कोंबड्या आणि एक-दोन शेळ्या एवढाच असतो. परस किंवा परडे म्हटल्या जाणाऱ्या या जागेत मोरीच्या पाण्यावर अळू व केळी, मांडवावर दोडका, पडवळ, कारले, कुंपणाला शेवगा आणि उरलेल्या तुकड्यात मिरची, वांगी, माठ, मेथी अशी लागवड असते. कोंबडी याच आवारात राहते. तिला वेगळे रान नसते, आणि या पद्धतीचे बहुतेक फायदे व बहुतेक भांडणे तिथूनच निघतात.

या पालनाला जुनाट ठरवून बाजूला सारण्याची सवय शेतीच्या चर्चेत दिसते. आकडे वेगळे सांगतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी 31 कोटी 70 लाखांच्या आसपास परसातले होते. 2012 च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची वाढ सुमारे 46 टक्के होती, तर व्यापारी शेडमधील पक्ष्यांची 5 टक्क्यांहून कमी.

परसातली मूळ कोंबडी गावठी किंवा गावरान. ती वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते. व्यापारी लेअर कोंबडी तीनशेच्या जवळ जाते, म्हणून गावठी कोंबडी कमी प्रतीची समजली जाते. पण ही तुलना अपुरी आहे. गावठी कोंबडी अंड्यांचा एक डाव घातला की खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. व्यापारी दृष्टीने हे नुकसान आहे. परसात मात्र हीच तिची सर्वांत मोठी किंमत आहे, कारण पुढची पिढी ती वीज, यंत्र आणि विकतचे पिल्लू यांच्याशिवाय उभी करते. बाई पाटीत पेंढा घालते, पिसवा होऊ नयेत म्हणून राख भुरभुरते आणि कोंबडीच्या आकारमानाप्रमाणे दहा-बारा ताजी अंडी खाली ठेवते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे उजेड धरून पाहतात. ज्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही ती काढून टाकतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे दोन महिने आईच्या पंखाखाली वाढतात. कडक उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात आणि ऐन पावसात पिल्ले गारठतात, त्यामुळे उबवणीला हिवाळा उत्तम.

जास्त अंड्यांसाठी सुधारित जाती आल्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज व ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या त्यांतल्या ठळक. त्या रंगीत आहेत, उकरून खातात, वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात आणि वजनानेही भरतात. मात्र त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवून घेतली तरी पुढच्या पिढीत मूळ गुण तसेच उतरत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्ले उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात, आणि आईविना वाढणाऱ्या त्या पिल्लांना पहिले काही आठवडे बल्बची ऊब व वेगळे खाद्य द्यावे लागते. अनेक योजनांत पिल्ले वाटली जातात आणि दीड-दोन वर्षांत परस पुन्हा रिकामे होते, याचे एक कारण हेच आहे. शहाणे पालक सुधारित कोंबड्यांबरोबर दोन-तीन गावठी माद्या राखतात आणि उबवणीचे काम त्यांच्याकडून करून घेतात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची, काळ्या मांसाची कडकनाथ ही मात्र देशीच जात. 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रात तिची मोठी हवा झाली. परसात ती तग धरते, पण उबवणीत कच्ची असल्याने तिलाही गावठी मादीची सोबत लागते.

भाजी आणि कोंबडी यांचा मेळ आपोआप बसत नाही. कोंबडीचा स्वभाव उकरण्याचा. मेथी, कोथिंबीर, पालक यांचा नुकता उगवलेला वाफा ती सकाळभरात साफ करते, रोपांच्या मुळाशी घातलेले पालापाचोळ्याचे आच्छादन विसकटते, गांडूळखताचा खड्डा उघडा सापडला तर गांडुळे संपवते, पिकलेल्या टोमॅटोंना टोचे मारते. यावर कायमचे कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण मग सगळे खाद्य विकत घ्यावे लागते. खरा उपाय वेळ आणि जागा वाटून देण्यात आहे. पीक निघाल्यावर वाफा काही दिवस कोंबड्यांना मोकळा सोडावा. मातीतल्या अळ्या, कोष, वाळवी आणि तणाचे बी त्या वेचून काढतात. वेल मांडवावर चढले की त्याखालची सावली त्यांची. दोडका, कारले, दुधी यांना डंख करणारी फळमाशी जमिनीत कोषावस्थेत जाते. वेलाखाली उकरणारी कोंबडी हे कोष आणि गळून पडलेल्या किडक्या फळांतल्या अळ्या दोन्ही खाते. औषध फवारून हे काम इतके नेमके होत नाही. फवारणी केलीच असेल, तर त्या वाफ्यात कोंबड्या सोडू नयेत. शेवगा, पपई, केळी यांच्या बुंध्याशी त्या बारमाही चालतात. पालेभाजीला मात्र काट्यांची वई, बांबूचा कूड किंवा जुन्या साडीचा आडोसा लागतोच.

परतफेड खताच्या रूपाने होते. पक्ष्यांत मूत्र वेगळे बाहेर पडत नाही, त्यातला नत्र युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतच येतो, म्हणून कोंबडीखत जोरकस असते. त्यात सुमारे 3 टक्के नत्र आणि अडीच टक्क्यांच्या आसपास स्फुरद असते. शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हा जोर अंगावरही येतो. ताजी विष्ठा मुळाशी पडली तर रोप करपते, शिवाय साल्मोनेलासारखे जंतू पानांवर येण्याचा धोका राहतो. यासाठी खुराड्यात भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरतात, तो विष्ठेसह गोळा करून पालापाचोळा व शेणाबरोबर रचतात, ओलावा राखतात, अधूनमधून उलथतात आणि दोन-तीन महिन्यांनी वापरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना न कुजलेले कोंबडीखत कधीही देऊ नये. शेळीची लेंडी त्या मानाने सौम्य. ती कोरडी असते, हळू विरघळते आणि मिरची-वांग्याच्या आळ्यात घालायला सोपी पडते.

शेळी परसात मोकळी सोडायची नसते. तिला शेंडा खाण्याची सवय असते आणि तिच्या तावडीतून मिरचीचे झाड सुटत नाही. तिच्यासाठी कुंपणालाच शेवरी, हादगा, तुती, सुबाभूळ लावून पाला कापून घालतात. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. कुंपणाची कण्हेर आणि बांधावरची घाणेरी शेळीला बाधते, त्यामुळे परसाच्या कडेला काय लावले आहे हे शेळी आणण्याआधी पाहिलेले बरे. मराठवाड्याची उस्मानाबादी काळी, काटक आणि जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध आहे. नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. गाभण काळ पाच महिन्यांचा. जोरदार पावसाच्या भागात फटींच्या फळ्यांचा उंच माचा उपयोगी पडतो. शेळी कोरडी राहते आणि लेंड्या खाली साठतात.

बदके भातखाचराच्या किंवा तळ्याच्या कडेला शोभतात. ती लहान गोगलगायी खातात आणि कोंबडीसारखी उकरत नाहीत. त्यांची अंडी 28 दिवसांत उबतात. सशाला मांसासाठी गावात गिऱ्हाईक मिळत नाही.

या पालनातला सर्वांत मोठा शत्रू मुंगूस किंवा घार नाही. रात्री खुराडे नीट लावले आणि पिल्ले दुपारी डालग्याखाली झाकली तर त्यांचा बंदोबस्त होतो. खरा घात मानमोडी करते. शास्त्रीय व्यवहारात हिला राणीखेत म्हणतात, कारण भारतात ती प्रथम 1927 मध्ये आजच्या उत्तराखंडातील राणीखेत येथे आढळली. मान वळते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि आठवड्यात खुराडे रिकामे होते. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे दुसऱ्या महिन्यात आर-टू-बी लस टोचून. अडचण अशी की लसीची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांसाठी असते, थंडच ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून, कोंबड्या बाहेर पडण्याआधी पहाटे लसीकरण उरकणे हाच चालणारा मार्ग आहे. पिल्ले वाटण्याच्या खर्चाचा थोडा भाग जरी गावपातळीवर लस टोचणाऱ्या बायका तयार करण्यावर गेला, तरी अधिक पक्षी जगतील.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, कारण रोग बहुतेक वेळा तिच्याबरोबरच येतो. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून पुरावा. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. शेळ्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची, तसेच पीपीआरची लस देतात.

परसातले हे धन बहुधा बाईच्या हातातले असते. अंड्यांचे आणि तलंगेचे पैसे तिच्या मर्जीने खर्च होतात, तेल-मीठ, वही-पेन्सिल किंवा दवाखाना त्यातून भागतो. गावठी अंड्याला भाव जास्त असल्याने घरची सगळी अंडी बाजारात जाण्याचीही पद्धत आहे. सुमारे सहा ग्रॅम प्रथिने देणारे अंडे घरच्या मुलाच्या ताटातही यावे, यासाठी पोषण परसबागेच्या मोहिमांनी भाजीबरोबर कोंबडीचा विचार करणे गरजेचे आहे. ज्या घराकडे विकत घ्यायला पैसे नसतात, तिथे जनावर अर्धलीने येते. मालकीण शेळी देते, सांभाळणारी तिला वाढवते, आणि करडे दोघींत वाटली जातात. कोंबडीच्या बाबतीतही पिल्लांचा असाच वाटा ठरतो. भूमिहीन घरांत पहिली शेळी अनेकदा याच वाटेने आलेली असते.