स्फटिकमहाल आणि त्याचा माळी

इमारत बांधावयाची म्हणजे स्थपतीनें नकाशा काढावा, इंजिनियरानें हिशेब करावा आणि कंत्राटदारानें मुकाट्यानें काम उरकावें, ही श्रमविभागणी आपण स्वयंसिद्ध मानतों. ह्या समजुतीस इतिहासानें दिलेलें एक खणखणीत उत्तर म्हणजे लंडनचा स्फटिकमहाल होय.

१८५१ च्या महाप्रदर्शनासाठीं २४५ योजना आल्या; एकही पसंत पडली नाहीं. तेव्हां समितीनें स्वतःच एक योजना आंखली. तिला एक कोटीहून अधिक विटा लागणार होत्या, आणि तितकें बांधकाम उरकण्यास अवधि कोठें होता? शिवाय हाइड पार्कची जागा मागाहून मोकळी करून द्यावयाची होती. ह्या पेंचांत, जून १८५० मध्यें, जोसेफ पॅक्स्टन ह्यांनीं टिपकागदावर एक आकृति रेखाटली. पॅक्स्टन हे पदवीधर नव्हते. ते चॅट्सवर्थ येथील ड्यूकचे माळी. नाजूक वनस्पतींसाठीं कांचगृहें उभारतां उभारतां लोखंड, लांकूड व कांच ह्यांचा स्वभाव त्यांस पुरता कळला होता.

सारा महाल २४ फुटांच्या मापावर बसविला होता. ठराविक खांब, ठराविक तुळया आणि ४९ इंच लांब व १० इंच रुंद अशीं तावदानें कारखान्यांत घडवावीं आणि जागेवर केवळ जुळवावीं, ही ती युक्ति. पोकळ खांबांतूनच छपराचें पाणी वाहून जाई. सप्टेंबर १८५० मध्यें पहिला खांब उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजीं प्रदर्शन उघडलेंही!

परंतु हें यश एकट्या माळ्याचें म्हणणें न्याय्य होणार नाहीं. कंत्राटदार चार्ल्स फॉक्स हे स्वतः इंजिनियर होते. तपशिलाचीं रेखाटनें त्यांनींच केलीं. कल्पना, गणित आणि कारागिरी एका मेजाभोंवतीं बसलीं, म्हणूनच कागदावरील रेघांचा महाल झाला.

ह्या विद्येचा धागा मुंबईपर्यंत पोंचला आहे. महालाच्या कामांत हात असलेल्या रोलंड ऑर्डिश ह्यांनींच वॉट्सन हॉटेलाचा लोखंडी सांगाडा योजिला. तो इंग्लंडांत घडून जहाजानें आला व १८६० नंतरच्या दशकांत येथें उभा राहिला. मूळ महाल पुढें सिडनहॅम येथें हलविण्यांत आला आणि १९३६ सालीं जळाला. मुंबईची ती वास्तु मात्र जीर्णावस्थेंत कां होईना, उभी आहे. आम्ही पदवीधर मंडळी तिच्यावरून जातांना क्वचितच मान वर करतों. कारागिराच्या अनुभवास ज्ञान म्हणावयास आम्ही अजून कचरतों, त्याचेंच हें लक्षण नव्हे काय?