उपवासकाळातील त्याग आणि निवड

गोव्यात इंत्रुजाचा धुमाकूळ आटोपला की दुसऱ्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती बांधव कपाळी राख लावून चर्चमधून बाहेर पडताना दिसतात. तेथून ईस्टरपर्यंत त्यांचा ‘कोरेज्म’, म्हणजे उपवासकाळ. दिनदर्शिकेप्रमाणे हे दिवस ४६ भरतात. त्यांतील सहा रविवार वगळले की ४० उरतात. सरकारी कचेरीत आमच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना आम्ही दरवर्षी विचारीत असू, ‘यंदा काय सोडले?’ कधी मद्य, कधी चहातली साखर असे उत्तर येई. आषाढी एकादशी आली की तोच प्रश्न ते आम्हांस करीत. काय सोडावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, ही गोष्ट त्यांना आणि आम्हांलाही तेव्हा स्वाभाविकच वाटे. इतिहास चाळल्यावर मात्र ती तेवढी साधी नाही असे दिसते.

इ. स. ३२५ मधील नायसिया येथील धर्मसभेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो. परंतु त्या काळात काय वर्ज्य करावे याविषयी एकवाक्यता नव्हती. पाचव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार सॉक्रेटिस स्कोलॅस्टिकस याने आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, कोणी प्राणिमात्राचे अन्नच टाळीत, कोणी फक्त मासे खात, कोणी माशांबरोबर पक्ष्यांचे मांसही चालवून घेत, तर कोणी कोरड्या भाकरीवर राहत. याविषयी लेखी आज्ञा कोणालाच दाखविता येत नाही. तेव्हा येशूच्या शिष्यांनी ही बाब प्रत्येकाच्या इच्छेवर सोडली असावी, असे अनुमानही त्याने काढले आहे.

पुढील शतकांत ही मोकळीक राहिली नाही. पश्चिम युरोपात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी, चीज हे सारेच निषिद्ध ठरले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या निषेधाची शास्त्रीय कारणमीमांसाही केली. नियम सर्वांना एकच होता. तथापि ऑलिव्हचे तेल ज्या प्रदेशांत सहज मिळे तेथे लोणी सोडणे सोपे. उत्तरेकडील थंड मुलखात ते अतिशय कठीण. मग पैसे भरून सवलत मिळविण्याची वाट निघाली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलचा, १४८५ साली बांधावयास घेतलेला एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो; उपवासकाळात लोणी खाण्याच्या परवानगीपोटी जमलेला पैसा त्याला लागला, अशी त्या नावामागची हकीकत आहे. १५२० साली मार्टिन ल्यूथरने याच व्यवहारावर टीका केली. ज्या तेलाने रोमचे लोक आपले जोडेही माखणार नाहीत ते आम्हांला खावयास लावतात आणि वर लोणी खाण्याचे स्वातंत्र्य आम्हांलाच विकतात, असा त्याच्या तक्रारीचा आशय होता.

याचा स्फोट झाला तो झुरिक शहरात, १५२२ च्या मार्चमध्ये. क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी उपवासकाळातील पहिल्याच रविवारी काही मंडळींनी मांसाचे सॉसेज खाल्ले. फ्रँकफुर्टच्या जत्रेपूर्वी ग्रंथांची छपाई उरकावयाची होती, कामगार रात्रंदिवस राबत होते. नुसत्या पेजेवर त्यांचा निभाव लागत नाही, असे फ्रोशाउअरचे म्हणणे. धर्मोपदेशक उलरिक झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही. पण नंतर त्याने या विषयावर प्रवचन केले आणि एप्रिलमध्ये ते पुस्तिकारूपाने छापले. तिचे नावच मुळी अन्नाची निवड आणि स्वातंत्र्य यांविषयीचे होते. ज्याला उपवास करावयाचा त्याने तो खुशाल करावा, दुसऱ्यावर लादू नये, हे त्यातील सार.

इंग्लंडात तर धर्मपंथ पालटल्यावरही मत्स्याहाराचे दिवस कायद्याने चालू राहिले, पण कोळ्यांचा धंदा आणि नौदल टिकावे म्हणून. १५६३ च्या कायद्याने आठवड्यात आणखी एक दिवस त्यात वाढविला. आणि हे बंधन आत्म्याच्या उद्धारासाठी आहे असे सांगत फिरणाऱ्याला शिक्षेची तरतूदही केली!

कॅथलिक चर्चमध्ये हे बंधन पुढेही राहिले, पण हळूहळू सैल होत गेले. अखेर १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवे नियम जाहीर केले. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवशीचा उपवास आणि शुक्रवारचा मांसत्याग कायम राहिला. बाकी प्रायश्चित्ताचे स्वरूप ठरविण्यास स्थानिक बिशपांना बराच वाव मिळाला. आमचे सहकारी साखर की मद्य असा विचार करू शकत होते, तो या दीर्घ प्रवासानंतर.

आपल्या चातुर्मासात शास्त्राचा नियम आणि व्यक्तीची निवड ही दोन्ही शेजारी-शेजारी नांदली. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य, हा शास्त्राचा क्रम. त्याखेरीज कोणी एकभुक्त राही, कोणी मौनाने जेवी, कोणी आवडीचा पदार्थ सोडी. इंत्रुजासारखी आपलीही कांदेनवमी आहेच. परंतु निवड हाती आली की पळवाटही हाती येते. मुळात न आवडणारे वांगे चार महिने सोडणारे आपल्या घराघरांत आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावर मांस सोडून इसवण खाणाऱ्याचा त्याग कितपत मोठा, आणि श्रावणभर शिवराक राहणाऱ्या मत्स्याहारी सारस्वताचा किती, हे ज्याचे त्यानेच ओळखावे.

मग निवडीची कसोटी कोणती? ती या दोन्ही परंपरांत जुनीच आहे. पाचव्या शतकातील पोप पहिले लिओ यांच्या प्रवचनांत उपवासाने वाचलेले अन्न गरिबांच्या मुखी जावे असा आग्रह आहे. चातुर्मासाच्या सांगतेलाही जी वस्तू सोडली तिचेच दान करण्याचा प्रघात आपल्याकडे होता. अलीकडे सोडणे तेवढे राहिले आणि देणे मागे पडले. ज्या वस्तूच्या त्यागाने आपल्या ताटात थोडी जागा रिकामी होते आणि दुसऱ्याच्या ताटात काही पडते, तीच सोडावी. येत्या आषाढीला आम्ही आपापल्या घरी निदान एवढा विचार केला, तरी वडीलधाऱ्यांनी जपलेल्या रीतीचा अर्थ पुढच्या पिढीला सांगता येईल.