वेडाच्या कारणाचा रकाना

१८५८ साली, कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू होण्याच्या धामधुमीत, हिंदुस्थानातील वेड्यांच्या बंदोबस्तासाठी लागोपाठ तीन कायदे मंजूर झाले, आणि त्यांतील शेवटच्या, म्हणजे त्या सालच्या ३६ व्या कायद्याने, प्रत्येक दरोग्यावर अशी जबाबदारी टाकली की आपल्या हद्दीत मोकाट भटकणारा जो कोणी इसम वेडा भासेल, अथवा वेडाच्या भरात ज्याच्यापासून इतरांस धोका आहे असे वाटेल, त्यास धरून मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे. मॅजिस्ट्रेटने सरकारी डॉक्टरच्या साहाय्याने त्याची तपासणी करावी, खात्री पटल्यास तसा हुकूम लिहावा, आणि त्या हुकमाबरोबर त्या इसमाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हावी, असा क्रम ठरला. मुंबई इलाख्यातील रोगी कुलाब्यास, पुण्यास किंवा पुढे रत्नागिरीस जाई. मध्यप्रांतातील नागपूरकडचा नागपूरच्या इस्पितळात दाखल होई. घरच्यांनी हातपाय बांधून का होईना, पण स्वतः आणून पोहोचविलेले रोगी नव्हते असे नाही. तथापि या इस्पितळांत येणाऱ्यांचा मोठा भाग रस्त्यावरून उचललेल्यांचा होता, आणि त्यांना इस्पितळाचे दार दाखविणारा पहिला माणूस पोलिसांतला होता.

या रवानगीत रोग्याबरोबर एक कागद जात असे, आणि माझ्या मते आपल्याकडील मनोविकारनिदानाचा अर्वाचीन इतिहास लिहावयाचा तर तो या कागदापासूनच आरंभिला पाहिजे. त्यात रोग्याचे नाव, जात, वय, धंदा, त्याच्या सवयी, वेड केव्हापासून लागले यांसारख्या बाबींची कैफियत असे, आणि त्यांतच एक रकाना वेडाच्या कारणाचा असे. हे रकाने बहुधा पोलीस ठाण्यात किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भरले जात. ज्याचा गाव पन्नास कोस दूर, ज्याचे आप्त अज्ञात, ज्याला स्वतःचे नाव धड सांगता येत नाही, अशा बैराग्याचे, फकिराचे किंवा मजुराचे वेड कशातून उद्भवले हे ठाणेदाराने सांगावे तरी कसे? परंतु रकाना मोकळा ठेवणे हे कचेरीच्या शिस्तीत बसत नव्हते. कारण माहीत नाही असा शेरा म्हणजे अपुऱ्या तपासाची कबुली, आणि अशी कबुली वरिष्ठांना रुचत नसे. मग त्या इसमाच्या झोळीत चिलीम सापडली, किंवा तो गांजा ओढतो एवढे कोणी सांगितले, की कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पडे. हीच नोंद इस्पितळाच्या वहीत उतरे, वहीतून वार्षिक अहवालाच्या कोष्टकात जाई, आणि कोष्टकात गेलेल्या शब्दाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभे. इस्पितळाचा सुपरिंटेंडेंट हा बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असे. त्याच्या माथ्यावर तुरुंगाचे आणि सार्वजनिक दवाखान्याचे काम असताना मनोविकारांचा स्वतंत्र अभ्यास करावयास त्याला ना सवड होती ना शिक्षण. उन्माद, विषाद आणि बुद्धिभ्रंश या इंग्लंडातून आलेल्या मोजक्या वर्गांपैकी एकात रोग्याला बसवून तो पुढल्या कामाला लागे, आणि बहुसंख्य रोगी उन्मादाच्याच वर्गात जाऊन पडत. ज्याला पोलिसांनी आरडाओरडीमुळेच धरले तो शांतपणे खिन्न बसणारा असणार नाही, हे उघड आहे. घराच्या कोपऱ्यात मूकपणे झुरणाऱ्या स्त्रीपुरुषांकडे दरोग्याची दृष्टी कधी वळलीच नाही, आणि त्यामुळे हिंदुस्थानातील लोकांना विषाद फारसा होत नाही असाही एक समज रूढ झाला.

या देशाला निदानाची कल्पनाच नव्हती असे म्हणता येत नाही. चरकाने निदानस्थानातील एक संपूर्ण अध्याय उन्मादाला दिला आहे, आणि त्यात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमाला उन्माद म्हटले आहे. ही यादी सावकाश वाचावी. भक्ती म्हणजे आवड, कल. पूर्वी जे प्रिय होते ते आता अप्रिय झाले काय, हे पाहावयाचे. शील म्हणजे स्वभाव. शांत माणूस तापट झाला काय, उदार माणूस संशयी झाला काय, हे पाहावयाचे. ज्याने त्या माणसाला पूर्वी पाहिलेलेच नाही त्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. चरकाने देव-गंधर्व-राक्षसांनी होणारा आगंतुक उन्मादही मान्य केला आहे, हे लपविण्याचे कारण नाही. पण त्याच ठिकाणी, माणूस आपल्याच प्रज्ञापराधाने, म्हणजे बुद्धीच्या चुकीने, पीडित होतो, देवतांना त्याचा दोष देऊ नये, असेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला बाधा झालेल्या माणसाला नेण्याची जी चाल होती तिच्यातील उपचारांचे समर्थन मी करणार नाही. मात्र तेथे रोगी एकटा जात नसे. आई, भाऊ, बायको असे कोणी तरी बरोबर असे, आणि याला केव्हापासून काय होऊ लागले हे सांगणारे तोंड त्याच्या शेजारी बसलेले असे. सरकारी इस्पितळाच्या दारात हे तोंड नव्हते. त्याच्या जागी तो कागद होता.

गांजाचा प्रश्न केवळ वैद्यकीय नव्हता. बंगालात नवगावच्या परिसरात, मध्यप्रांतात खांडव्याकडे आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात त्याची लागवड होत होती. त्यावर सरकारचा कर होता, विक्रीचे मक्ते होते, आणि मक्त्याचे उत्पन्न दरसाल खजिन्यात जमा होत होते. गांजाने वेड लागते काय, अशी विचारणा हिंदुस्थान सरकारने १८७० च्या दशकाच्या आरंभी सर्व प्रांतांकडे केली होती, आणि उत्तर देताना अधिकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर इस्पितळांच्या त्या कोष्टकांचाच आधार घेतला होता. पुढे विलायतेतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीचा जोर वाढला, आणि २ मार्च १८९३ रोजी केन नावाच्या सभासदाने कॉमन्स सभेत हा प्रश्न उपस्थित केला. त्याचे फळ म्हणून त्याच वर्षी जुलैत सरकारने एक आयोग नेमला. पंजाबातील मुलकी अधिकारी मॅक्वर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ओमानी, मध्यप्रांतातील कमिशनर फ्रेझर आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन. हिंदी सभासद तिघे, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनाम सिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद.

या आयोगाने प्रांतोप्रांती फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि सात खंडांचा अहवाल १८९४ च्या ऑगस्टात सादर केला. सरकारी अहवाल वाचण्याची हौस फार थोड्यांना असते. पण या अहवालातील वेडासंबंधीचे प्रकरण ज्याने वाचले नाही तो रोगनिदान म्हणजे काय याच्या एका अपूर्व धड्याला मुकला असे मला प्रामाणिकपणे वाटते. आयोगासमोर येणारे बहुतेक साक्षीदार गांजाने वेड लागते असे ठामपणे सांगत. हे आपणांस कशावरून कळले असे विचारताच ते इस्पितळांच्या आकड्यांकडे बोट दाखवीत. इस्पितळांच्या डॉक्टरांना आकडे कोठून आले असे विचारले तेव्हा ते बरोबर आलेल्या कागदांकडे बोट दाखवीत. आणि कागद कोणी भरले याचा शोध घेतला तेव्हा तो शोध पुन्हा ठाण्यातच येऊन थांबला, जेथे गांजाने वेड लागते ही समजूत आधीपासूनच सर्वमान्य होती. समजुतीवरून नोंद, नोंदीवरून आकडा आणि आकड्यावरून पुन्हा समजूत, असे हे वर्तुळ पूर्ण झाले होते, आणि त्यात रोग्याला स्वतःला कोणी काही विचारले नव्हते.

आयोग येथवर येऊन थांबला असता तर त्याने केवळ टीका केली असे झाले असते. पण त्याने फेरतपासाचा हुकूम काढविला. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्व इस्पितळांत १,३४४ रोगी दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग किंवा चरस असे नोंदलेले होते. या दोनशे बावीस माणसांपैकी प्रत्येकाचा कागद पुन्हा उघडण्यात आला. जेथे गावाचा पत्ता लागला तेथे स्थानिक अधिकारी जाऊन नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या जबान्या घेऊन आले. त्या जबान्यांत जे निघाले त्याने कोष्टकांचा पायाच ढासळला. कोणाच्या घराण्यात आधीच्या पिढीत वेड होते. कोणाला चिलमीला हात लावण्यापूर्वीच भ्रम होऊ लागले होते, आणि गांजा हे त्याच्या बिघडलेल्या मनाचे कारण नसून त्या बिघाडातून लागलेली सवय होती. कोणी गांजा ओढीत असे हे खरे, पण तो इतका क्वचित की त्याला कारण म्हणणे अन्यायाचे. अखेरीस २२२ पैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत गांजा-भांगेचा वेडाशी संबंध मानण्यास वाजवी आधार आहे असे आयोगाला वाटले; त्यांतही ६१ जणांत अन्य कारण दिसले नाही, उरलेल्यांत ते मिश्र होते. एकूण दाखल रोग्यांशी ताडून पाहता हे प्रमाण शेकडा सात-सव्वासातच्या घरात येते. उरलेल्या १२४ माणसांच्या नावापुढे जो शब्द लिहिला गेला होता, तो टिकला नाही.

आयोगाचा निष्कर्ष सावध होता. माफक सेवनाने मनाला इजा होत नाही. अतिरेकी सेवनाने मनाचा तोल ढळू शकतो, आणि ज्याची मूळ प्रकृतीच दुर्बल आहे त्याला वेड लागू शकते, असे त्याने म्हटले. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्नमते स्वतंत्र लिहून जोडली, म्हणजे आयोगातही सर्वांचे समाधान झाले नव्हते. मला मात्र खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आयोगाला विचार करावयाचा होता तो गांजाचा, वेड्यांचा नव्हे. त्या १२४ जणांना खरोखर काय झाले होते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता, आणि तो विचारणारे दुसरे कोणी त्या वेळी या देशात नव्हते. खोटे कारण खोडले गेले, पण खरे कारण शोधण्यासाठी लागणारा वैद्य, वेळ आणि खाट यांची तरतूद झाली नाही.

ज्या वर्षी आयोगाची नेमणूक झाली त्याच १८९३ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि तरुणपणी सुरू होऊन बुद्धीला ग्रासणाऱ्या एका विकाराला तीत स्वतंत्र नाव दिले. त्याच विकाराला पुढे छिन्नमनस्कता म्हणू लागले. क्रेपेलिन यांची पद्धत अशी की प्रत्येक रोग्याचे एक पत्रक ठेवावयाचे, आणि आजची लक्षणे तेवढी न पाहता विकार केव्हा सुरू झाला, कसा वाढला, मध्ये माणूस बरा झाला काय, आणि शेवटी कोठे पोहोचला, हे वर्षानुवर्षे नोंदीत जावयाचे. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत याच नोंदींच्या बळावर त्यांनी त्या विकाराला उन्माद-विषादाच्या आवर्ती विकारापासून वेगळे काढले. निरनिराळ्या समाजांत हे विकार सारखेच दिसतात काय, हे पडताळण्यासाठी ते १९०४ मध्ये जावा बेटावरील वेड्यांच्या इस्पितळातही जाऊन आले. दोन्हीकडे कागदच होते. पण हायडेलबर्गचे पत्रक रोग्याच्या आयुष्याबरोबर पुढे चालत होते, आणि आपल्याकडचा कागद ज्या दिवशी भरला त्याच दिवशी संपत होता.

त्यानंतरचा आपल्याकडील प्रवास फार संथ आहे. कुलाब्यातील दाटी असह्य झाल्यावर ठाण्याजवळ नौपाड्यास नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ १९०१ मध्ये सुरू झाले. १९१२ च्या कायद्याने जुना कायदा मागे सारला. १९२२ मध्ये या संस्थांचे नाव बदलून त्यांना मानसिक रुग्णालये म्हणू लागले. १९३८ साली डॉ. मसाणी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला, आणि इतर रोगी बसतात त्याच बाकांवर मनाचा रोगी आपल्या माणसांसह येऊन बसू लागला. या शेवटच्या घटनेचे महत्त्व मी कायद्यांहून मोठे मानतो. तरीही १९४६ च्या आरोग्यविषयक भोर समितीला इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मानसिक रुग्णालयातील एक खाट आणि हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे एक, असा हिशेब मांडावा लागला.

गांजाचा प्रश्नही आयोगाने कायमचा मिटविला असे नाही. स्वीडनच्या लष्करात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांचा मागोवा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतल्याचे सांगणाऱ्यांत पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. त्यांतील किती भाग गांजाचा आणि किती मूळ प्रकृतीचा, यावर तज्ज्ञांचा वाद अद्याप चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मादक द्रव्यातून उद्भवलेल्या चित्तविकाराला स्वतंत्र जागा आहे, पण अट अशी की तो सेवनाच्या काळात किंवा लगेच नंतर सुरू झालेला असावा आणि सहा महिन्यांहून अधिक टिकू नये. त्यापुढे टिकला तर निदान बदलावे. रोगी समोर आला त्या दिवशी ही अट पुरी झाली की नाही हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. त्यासाठी चिलीम आधी की भास आधी, हे त्याच्या घरच्यांना विचारावे लागते, आणि सहा महिन्यांनी त्याला पुन्हा बोलवावे लागते.