दम लागणाऱ्यांचे हर्नियाचे दुसरे ऑपरेशन : आधी खोकला आवरा, मग तारीख घ्या

हर्नियाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, माणूस कामाला लागला आणि काही वर्षांत जांघेतली गाठ पुन्हा वर आली, असे प्रकार खेड्यापाड्यात दिसतात. लोक लगेच म्हणतात, डॉक्टरने नीट केले नाही. कधी तसेही असते. पण ज्याला फुफ्फुसाचा जुनाट आजार म्हणजे सीओपीडी आहे, त्याच्या बाबतीत आधी खोकल्याकडे बघावे लागते. (गावात याला दमाच म्हणतात, पण हा आजार वेगळा. बिडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि धूळ यांनी श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात.)

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमजोर जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येणे. प्रत्येक खोकल्याला त्या जागेवर आतून दणका बसतो. पाटाचा बांध जिथे एकदा फुटला तिथेच पुन्हा फुटतो, तसाच हा प्रकार. त्यात बिडी ओढणाऱ्याची जखम भरायलाही वेळ लागतो. बायकांचेही तसेच. सिझर किंवा पिशवीच्या ऑपरेशनच्या जुन्या टाक्यांतून फुगवटा येतो आणि चुलीपुढे बसून बसून खोकला तर आधीचाच असतो.

दुसऱ्या वेळी काम अवघड का?

पहिल्या ऑपरेशनचा व्रण आत घट्ट झालेला असतो, थर एकमेकांना चिकटलेले असतात, जुनी जाळी असेल तर ती वेगळीच अडचण. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि शेजारच्या नसांना, पुरुषांत अंडकोषाच्या रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून जांघेचे पहिले ऑपरेशन पुढून चिरा देऊन झाले असेल, तर दुसरे सहसा दुर्बिणीने मागच्या बाजूने करणे बरे मानतात.

सीओपीडीच्या पेशंटची अडचण इथेच होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा पूर्ण भूल लागते आणि पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तो रक्तात मिसळतो आणि बाहेर टाकायचे काम फुफ्फुसांनाच करावे लागते. फुफ्फुसे थकलेली असतील तर कमरेत इंजेक्शन देऊन किंवा जागा बधिर करून चिऱ्याचे ऑपरेशन सोपे जाते, पण तिथे जुना व्रण आडवा येतो. कोणता मार्ग घ्यायचा हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचे असते. त्यासाठी त्यांना पहिल्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड लागते : जाळी बसवली होती का, चिरा होता की दुर्बीण, भूल कोणती दिली, नंतर दम लागला होता का. कार्ड हरवले असेल तर जुन्या दवाखान्यात जाऊन नोंद मागावी.

तारखेआधीची तयारी

बिडी किमान 4 आठवडे आधी बंद, 8 आठवडे असतील तर उत्तम. आदल्या दिवशी थोटूक फेकून फारसा उपयोग नाही. तपासणीत छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकायची चाचणी सांगतात. नुसत्या आकड्यावर ऑपरेशन नाकारत नाहीत. किती पायऱ्या चढता येतात, कफ किती पडतो, हेही बघतात.

औषधांबाबत दोन गोष्टी फार चुकतात. उपाशी राहायला सांगितले म्हणून काही जण पंपही घेत नाहीत. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रोजचा पंप ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायचा आणि सोबतही न्यायचा. दुसरे, पुड्यातल्या गोळ्या. दम लागला की मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. त्या बरेच दिवस घेतल्या असतील तर ऑपरेशनच्या ताणात शरीराला स्वतःचे स्टेरॉइड पुरत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो. त्या लपवू नयेत, एकदम बंदही करू नयेत. पुडी तशीच भूलतज्ज्ञापुढे ठेवावी.

ताप आहे, कफ पिवळा-हिरवा झालाय, दम नेहमीपेक्षा वाढलाय, तर तारीख पुढे ढकलतात. त्यात राग मानू नये. सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि कडाक्याची थंडी यांत खोकला वाढतो, त्यामुळे घाई नसेल तर तो काळ टाळलेला बरा. बद्धकोष्ठ किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागत असेल तर तेही आधी दाखवावे, कारण कुंथल्यानेही तोच दाब पडतो.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. योजनेतील काही शस्त्रक्रिया फक्त शासकीय रुग्णालयातच होतात.

ऑपरेशननंतरचे दिवस

खरा धोका पहिल्या काही दिवसांत असतो. दुखते म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, खोकत नाही, कफ आत साचतो आणि न्यूमोनिया होतो. दुखणे सहन करण्यात मर्दुमकी नाही, सिस्टरला सांगून औषध घ्यावे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. तीन चेंडूंचे यंत्र मिळते ते फुंकायचे नसते, हवा आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. हे निम्मे लोक उलटे करत असतील. नातेवाईक ‘हलू नको’ म्हणतात, तर डॉक्टर लवकर बसवतात, चालवतात. डॉक्टरांचे ऐकावे.

ऑक्सिजनचेही तसेच. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये तो मुद्दाम 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतात, कारण जास्त दिल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आकडा कमी वाटला म्हणून कॉकला हात लावू नये, सिस्टरला बोलवावे.

पोते उचलणे आणि पाठीवरचा फवारणी पंप कधी सुरू करायचा, ते सर्जनला स्पष्ट विचारून घ्यावे.

पुन्हा आलेली प्रत्येक गाठ लगेच कापावीच लागते असे नाही. पुरुषाची जांघेतली गाठ लहान असेल, दुखत नसेल आणि दम फार असेल तर डॉक्टर थांबून लक्ष ठेवायला सांगू शकतात. मात्र गाठ एकाएकी कडक झाली, आत जात नाही, खूप दुखते, उलट्या होतात किंवा गॅस सरत नाही, तर आतडे अडकलेले असू शकते. चोळत बसू नये, खायला-प्यायला देऊ नये. लगेच 108 ला फोन करावा आणि निघताना पंप व जुनी कागदपत्रे सोबत घ्यावीत.