वस्तऱ्यामागचा दगड

वस्तऱ्याच्या धारेवर आपल्या देशात तत्त्वज्ञान पुष्कळ झाले आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला तिची उपमा दिली, आणि त्यावरून सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाने १९४४ साली आपल्या कादंबरीचे नाव ठेवले. पण ती धार लावली कुणी आणि कशावर, हे ना ऋषींनी विचारले, ना मॉमसाहेबांनी. दोघांची दाढी बहुधा बिनबोभाट होत असावी!

मला मात्र याचे उत्तर भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत मिळाले. तिथल्या एका वयोवृद्ध नाभिकमामांनी धोकटीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. मध्यभागी झिजून होडीसारखा झालेला.

"आज्यानं जालन्याच्या बाजारातून आणलेला," मामा म्हणाले.

"दगड विकत? इथे तर पायलीला पन्नास मिळतील!"

"आवो सायेब, ह्या काळ्या दगडावर मिरची वाटावी. वस्तरा घासला त करवत व्हईल त्याची."

भूगर्भशास्त्र मामांच्याच बाजूचे निघाले. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जात्याला उत्तम, गालाला घातक. वस्तऱ्याला अतिबारीक कणांचा दगड लागतो. बेल्जियमच्या आर्देन डोंगरांतला पिवळसर दगड यासाठी जगभर नावाजला. त्यातले गार्नेटचे कण पोलादाहून कठीण, पण इतके बारीक की मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावेत. आपणही अगदी कोरडे नाही. ज्या कोरंडमने जग धार लावते, ते नाव दक्षिणेकडच्या भाषांतून इंग्रजीत गेले. आपल्या 'कुरुंदा'चेच ते भावंड.

मामांनी दगडावर पाणी शिंपडून वस्तरा आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. दगडावर धार पुढे, पाठ मागे. उलटवायचा तो पाठीवरून. मग चामड्याच्या पट्ट्यावर नेमके उलटे, पाठ पुढे. चुकले तर पट्टाच चिरतो. एवढ्या कसबाचा मोबदला म्हणजे बलुत्याचे धान्य, तेही सुगी झाल्यावर!

याच धारेखाली उच्चवर्णीय घरांतल्या कोवळ्या विधवांचे केस उतरत. हुकूम घरच्यांचा, हात न्हाव्याचा. १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि हे काम करणार नाही म्हणाले. शिकल्यासवरल्यांची परिषदांतून चर्चा चालू असताना त्यांनी वस्तरा खाली ठेवला. वस्तऱ्याच्या इतिहासातले सर्वांत धारदार काम ते हेच.

दगडाचे दिवस फिरवले ते अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेटने. वापरून फेकायच्या पात्याचे पेटंट त्याला १९०४ साली मिळाले. भारतात १९८६ साली एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढे गिऱ्हाइके घाबरून "नवीन ब्लेड लावा" म्हणू लागली. तेही योग्यच, जीव गालापेक्षा मोठा. मामाही आता अर्धे ब्लेड लावतात आणि प्रत्येक दाढीनंतर ते टाकून देतात.

तरी दसऱ्याला तो दगड पाटावर बसतो. हळदकुंकू, फूल, सगळा मान त्याला. ब्लेडच्या पाकिटाला कुणी कुंकू लावल्याचे अजून माझ्या ऐकिवात नाही.