सूत्र, फलक आणि संगणक : आरेखनकलेचा अल्प मागोवा

सभामंडपाच्या दुरुस्तीचा आराखडा महाजनसभेपुढे मांडला गेला, त्या दिवशीचा प्रसंग उपस्थितांच्या स्मरणात असेलच. तरुण अभियंत्याने संगणक उघडून भिंतीवर मंडपाचे चित्र पाडले, ते चहूबाजूंनी फिरवून दाखविले, खांब क्षणात लांब केले आणि क्षणात आखूड केले. सर्वांनी कौतुक केले. मग एका वयोवृद्ध महाजनांनी विचारले, "हे सर्व उत्तम आहे, पण कागद कोठे आहे?" सभेत हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

आपल्या खकनार तालुक्यातून बऱ्हाणपुरास जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुंडी भंडारा पाहिलेला आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकीर्दीत, 1615 मध्ये, तबकुतुल अर्ज या फारशी जलतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहरापर्यंत आणले. एकामागून एक शंभरावर कुंड्या खणून त्या आतून जोडावयाच्या, आणि पाण्यास चाल मिळेल इतका उतार सर्वत्र राखावयाचा, हे काम नुसत्या अंदाजाने होणारे नव्हे. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला. त्याच वेळी आपल्याच राज्यातील भोजपूरचे भोजेश्वर मंदिरही त्या यादीत गेले. आरेखनाच्या इतिहासात भोजपूरइतके मोलाचे स्थळ मला दुसरे ठाऊक नाही.

भोपाळपासून जवळच, बेतवेच्या काठी, परमार राजा भोजाच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकातील, हे शिवालय अपुरे राहिले. अपुरे राहिले म्हणूनच ते आपणांस बोलके झाले आहे. मंदिराच्या मागील बाजूस दगड वर चढविण्यासाठी रचलेला उतरता बांध तसाच आहे. अर्धवट घडविलेले भाग जागोजाग पडले आहेत. आणि भोवतालच्या सपाट खडकांवर शिल्पकारांनी कोरलेल्या रेषा आहेत : तलविन्यास, स्तंभ, थरांचे छेद, शिखराची उभारणी. बांधकाम पुरे झाले असते तर कदाचित या रेषा कोणी जपल्याही नसत्या. भोजाच्या नावावर असलेल्या वास्तुग्रंथाचे नावच मुळी 'समराङ्गणसूत्रधार' असे आहे. सूत्र म्हणजे दोरी. ती जो धरतो तो सूत्रधार, आणि हा शब्द नाटकाच्या आधीपासून बांधकामाचा असावा, असे मला आपले वाटते. हा ग्रंथ 1924 आणि 1925 या वर्षी गायकवाडांच्या बडोद्यातून दोन भागांत छापून निघाला, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट होय. भोजपूरच्या रेषा आणि हा ग्रंथ शेजारी ठेवून ॲडम हार्डी या अभ्यासकाने 2015 मध्ये एक स्वतंत्र पुस्तक लिहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खडकावरील काही आकृती प्रत्यक्ष आकाराच्या आहेत. थराचा छेद जेवढा हवा तेवढाच खाली कोरलेला. घडविलेला दगड त्याच्याशी ताडून पाहता येई, मोजपट्टीचा हिशेब मध्ये येत नसे.

प्रमाण लहान करून आखण्याचे शास्त्र पूर्वीही होतेच. परंतु त्याचे राज्य खऱ्या अर्थाने आले ते कागद, लाकडी फलक आणि टी-स्क्वेअर यांबरोबर. मुंबईत 1857 साली सर जे. जे. कलाशाळा निघाली. पुढे बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) काम 1878 मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. त्यांचे सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य, नक्षीकामात जे. जे.चे विद्यार्थी. आपल्या स्थानकावरून गाडीत बसून तेथे उतरणाऱ्या किती जणांना वैद्यांचे नाव ठाऊक असेल? दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते, हेही सहसा कोणी सांगत नाही.

माझी स्वतःची नोकरी एका बांधकाम कचेरीत कारकुनाची. आमच्याकडे कचेरीची भाषा हिंदी, म्हणून आरेखकास 'मानचित्रकार' म्हणत. घरी येऊन आम्ही त्यास ड्राफ्ट्समनच म्हणत असू. 1980 नंतरच्या त्या दिवसांत त्यांची खोली उत्तरेकडील उजेडाची असे. उतरता फलक, त्यावर घट्ट ताणलेले ट्रेसिंग, शाईचे पेन, आणि चुकलेली रेघ खरवडण्यासाठी दाढीचे पाते. घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या निळ्या नकलेची पद्धत तोवर मागे पडून अमोनियाच्या नकला आल्या होत्या. त्यांच्या वासाने डोळ्यांस पाणी येई. एक भिंत दोन फूट सरकवावयाची झाली तर दोन दिवस जात, म्हणून साहेबही भिंत सरकविण्यापूर्वी दहा वेळा विचार करीत.

तिकडे अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्येच प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढून दाखविली होती, आणि 1982 मध्ये ऑटोकॅड बाजारात आले. आमच्या कचेरीत ते पोहोचावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. आले तेव्हा मी त्याच्या विरुद्ध नव्हतो, आजही नाही. मोजमापाची अचूकता, दुरुस्तीची सोय, एकाच आराखड्यातून दहा छेद काढण्याचे सामर्थ्य, यांत हात त्याची बरोबरी करू शकत नाही. गंमत अशी की संगणकावर आरेखक पुन्हा प्रत्यक्ष आकारातच आखतो. वीस फुटांचा खांब वीस फुटांचाच. प्रमाण लावावयाचे ते छापताना. म्हणजे मधला फलकाचा काळ ओलांडून आपण एका अर्थी भोजपूरच्या खडकावरच परत आलो. फरक इतकाच की खडकावरील रेषा हजार वर्षांनी नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

आता सुरुवातीस राखून ठेवलेले कारण. संगणक आल्यावर जुनी ट्रेसिंगे निकालात काढण्याचा हुकूम झाला. यादी मी केली. अक्षर माझे, शेवटची सहीही माझी. त्यांत काही कापडी ट्रेसिंगे होती. तलम सुती कापडास खळ देऊन ती तयार करीत, त्यामुळे धुतली की मऊ कापड हाती येते. आमच्या शिपायाने चार-पाच घरी नेऊन धुतली आणि त्यांचे रुमाल केले. एक मलाही दिला. बाकीची रद्दीत गेली. पुढे काही वर्षांनी त्यांतल्याच एका जुन्या पुलाचा पाया किती खोल आहे, हे पाहण्याची वेळ आली. नवी प्रत फ्लॉपीवर होती आणि फ्लॉपी कोणत्याही यंत्रात उघडेना. शेवटी पायाशेजारी खड्डा खणून मोजणी करावी लागली. पावसाळा तोंडावर होता. मजूर कमरेइतक्या पाण्यात उभे होते, आणि मी काठावर नोंदवही घेऊन. मला कोणी काही बोलले नाही, कारण यादी कोणाची हे कोणाच्या लक्षातच नव्हते.

म्हणून महाजनमंडळास एक विनंती. सभामंडपाच्या अंतिम आराखड्याच्या दोन प्रती टिकाऊ कागदावर छापून घ्याव्यात. त्यांवर अभियंत्याची सही आणि तारीख असावी, पाया व गाभाऱ्याची मापे आकड्यांत लिहिलेली असावीत. एक प्रत देवस्थानच्या जमिनीच्या कागदपत्रांबरोबर लोखंडी पेटीत, दुसरी अन्य ठिकाणी. नळकांड्यास वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीपूर्वी उघडून पाहण्याचे काम, प्रकृती साथ देईल तोवर, मी स्वतः करीन.